जैवविविधता कायद्याची कसोटी गावाच्या नोंदवहीत

तमिळनाडूच्या मदुराई जिल्ह्यात, मेलूरजवळ अरिट्टापट्टी हे गाव आहे. गावाभोवती सात टेकड्यांची रांग आहे. परिसरात ७२ तळी, सुमारे २०० नैसर्गिक झरे आणि तीन बंधारे आहेत. शाहीन ससाणा, लग्गर ससाणा आणि मोरघार या शिकारी पक्ष्यांसह पक्ष्यांच्या सुमारे २५० जातींची येथे नोंद झाली आहे. टेकड्यांवरील जैन शय्या आणि तमिळ-ब्राह्मी शिलालेख सुमारे २२०० वर्षांपूर्वीचे मानले जातात. तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये अरिट्टापट्टी आणि शेजारच्या मीनाक्षीपुरम या गावांतील १९३.४२ हेक्टर क्षेत्र 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून घोषित केले. राज्यातील हे पहिलेच असे स्थळ होय.

त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच परिसरातील टंगस्टन खनिजाच्या पट्ट्याचा लिलाव झाला. नायक्करपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे २०१५ हेक्टरांच्या या पट्ट्यात वारसा स्थळाचे क्षेत्रही समाविष्ट होते. टंगस्टन हे देशाच्या दृष्टीने अत्यावश्यक मानल्या गेलेल्या खनिजांपैकी एक असून, अशा खनिजांच्या लिलावाचे अधिकार २०२३ मधील दुरुस्तीनुसार केंद्राकडे आहेत. लिलावाची वार्ता पसरताच परिसरातील गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. डिसेंबरमध्ये राज्य विधानसभेनेही तसा ठराव संमत केला आणि जानेवारी २०२५ मध्ये शेतकऱ्यांनी मेलूरहून मदुराईपर्यंत मोर्चा काढला. वारसा स्थळाचे क्षेत्र वगळून पट्ट्याच्या सीमा नव्याने आखण्याचा पर्याय केंद्राने प्रथम पुढे केला, परंतु त्याने असंतोष शमला नाही. अखेर २३ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने हा लिलाव रद्द केल्याचे जाहीर केले. वारसा स्थळाचे महत्त्व आणि स्थानिकांचे परंपरागत हक्क ही कारणे त्यासाठी देण्यात आली.

अरिट्टापट्टीचा निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला. तो कायद्यामुळे लागला की आंदोलनामुळे, हा प्रश्न मात्र उरतोच. जैवविविधता वारसा स्थळे घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारांना जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ ने दिला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून राज्याने ही घोषणा करावयाची असते. तथापि या कलमात खाणकामावर सरसकट बंदी नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान यांना वन्यजीव कायद्याने जे संरक्षण मिळते, तसे संरक्षण वारसा स्थळांना आपोआप मिळत नाही. घोषणेने गावकऱ्यांच्या हाती एक अधिकृत कागद दिला आणि त्या कागदाच्या आधारे गावाने आपली बाजू मांडली, असेच फार तर म्हणता येईल. देशातील जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीचे बलस्थान आणि दुबळेपण या एकाच घटनेत दिसते.

हळदीपासून कायद्यापर्यंत

या कायद्याची बीजे १९९० च्या दशकातील पेटंटच्या वादांत आहेत. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये पेटंट मिळाले. भारतीय घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा उपचार कोणा एकाचा शोध ठरू शकत नाही, हे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुराव्यांनिशी सिद्ध केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे महासंचालकपद डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याकडे होते. कडुनिंबापासून बनविलेल्या बुरशीनाशकाचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० मध्ये रद्द केले. त्यावरील अपील फेटाळले जाण्यास आणखी पाच वर्षे लागली. प्रत्येक वनस्पतीसाठी अशी स्वतंत्र लढाई लढणे देशाला परवडणारे नव्हते.

दरम्यान, १९९२ च्या रिओ परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने १९९४ मध्ये त्यास मान्यता दिली. जैविक संपदेवर त्या त्या राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे आणि तिच्या वापरातून होणारा लाभ न्याय्य रीतीने वाटला गेला पाहिजे, हे तत्त्व या कराराने प्रस्थापित केले. त्याच आधारे संसदेने डिसेंबर २००२ मध्ये जैविक विविधता कायदा संमत केला. कायद्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्याराज्यांत जैवविविधता मंडळे आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती. महाराष्ट्राच्या मंडळाचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

यातील तिसरी पायरी वरवर पाहता सर्वांत लहान, पण साऱ्या रचनेचा भार तिच्यावरच आहे. मूळ नियमांनुसार अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य अशी ही समिती असे. सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असणे आवश्यक होते. लोकांच्या सहभागातून 'लोकजैवविविधता नोंदवही' तयार करणे हे समितीचे मुख्य काम. गावात कोणती झाडे, कोणते मासे, कोणती पिके आणि त्यांची कोणती वाणे आहेत, कोणत्या गायी-शेळ्या पाळल्या जातात, कोणते कंद कोणत्या ऋतूत खाल्ले जातात, कोणत्या सालीचा काढा कशावर देतात आणि हे सारे कोण जाणते, याची ही नोंद. पूर्वी काय होते आणि आता काय दिसेनासे झाले, हेही तीत यावे अशी अपेक्षा आहे. ही संकल्पना रुजविण्यात पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे.

समितीच्या क्षेत्रातील जैविक संपदेच्या वापराविषयी निर्णय घेताना प्राधिकरणाने आणि राज्य मंडळाने समितीशी विचारविनिमय करणे कायद्याने बंधनकारक आहे. व्यापारी कारणासाठी संपदा गोळा करणाऱ्यांकडून समिती शुल्कही आकारू शकते. मात्र विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, हा भेद ध्यानी ठेवावा लागतो.

बारा वर्षांत १,३८८ वह्या

कायदा संमत झाला, २००४ मध्ये नियम आले आणि पुढील बारा वर्षे गावपातळीवर फारसे काही घडले नाही. २०१६ मध्ये यासंबंधीची याचिका राष्ट्रीय हरित लवादापुढे आली, तेव्हा देशभरात सुमारे ९,७०० समित्या आणि १,३८८ नोंदवह्या एवढीच प्रगती होती. देशातील ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका मिळून अशा समित्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे जाणे अपेक्षित होते.

लवादाने राज्यांकडून वेळोवेळी अहवाल मागविले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली. ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पूर्ण न करणाऱ्या राज्यांनी त्यानंतर दरमहा १० लाख रुपये भरावेत, असा तो आदेश होता. आदेशाचा परिणाम तत्काळ दिसला. जानेवारी २०२० अखेर समित्यांची संख्या २,४३,४९९ वर आणि नोंदवह्यांची संख्या ९५,५२५ वर पोहोचली. पुढील काळात नोंदवह्याही अडीच लाखांच्या पुढे गेल्या.

हे आकडे वाचून समाधान वाटावे की चिंता, याचा विचार करणे भाग आहे. गावातील निसर्गाची नोंद करावयाची तर किमान एक संपूर्ण वर्षचक्र पाहावे लागते. पावसाळ्यातील रानभाजी उन्हाळ्यात दिसत नाही आणि हिवाळ्यात येणारा पक्षी जूनमध्ये भेटत नाही. वैदू, धनगर, कोळी, सुईण, गुराखी यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या सवडीने बोलावे लागते. बारा वर्षांत जेमतेम चौदाशे वह्या झाल्या आणि पुढील चार वर्षांहून कमी काळात ९४ हजारांची भर पडली, तेव्हा दंडाच्या धास्तीने भरलेल्या कित्येक वह्यांत शेजारच्या गावाची यादी उतरून काढली गेली नसेल, असे मानणे अवघड आहे. काम अनेक ठिकाणी बाहेरील संस्थांकडे सोपविले गेले. तीसहून अधिक तक्ते भरून झाले की वही पूर्ण झाली, असा समज रूढ झाला. आपल्या गावात अशी समिती आहे, हे बहुसंख्य ग्रामस्थांना आजही ठाऊक नसते, आणि पुष्कळदा खुद्द समितीच्या सदस्यांनाही नसते.

अर्थात सर्वत्र असेच घडले असे नव्हे, आणि लवादाने दट्ट्या लावला नसता तर आणखी बारा वर्षे गेली असती हेही खरे. परंतु वही हा कायद्यातील पुरावा आहे. उद्या एखाद्या कंपनीने गावातील वनस्पतीवर दावा केला, एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात 'येथे विशेष काही नाही' असे लिहिले गेले, तर गावाला हीच वही पुढे करावी लागणार आहे. चुकीची किंवा उसनी नोंद असलेली वही कोरी असण्याहून वाईट. गावात काही नव्हते याचा तोच पुरावा होतो.

मातीतील जीवाणूंचा मोबदला

नोंदीचा दुसरा संबंध पैशाशी आहे. जैविक संपदेपासून उत्पादन करून नफा मिळविणाऱ्याने त्यातील काही हिस्सा संपदेच्या राखणदारांना द्यावा, या तत्त्वाला लाभवाटप म्हणतात. कायद्याच्याही आधी त्याचा प्रयोग केरळात झाला. पश्चिम घाटातील अगस्त्य डोंगररांगेत राहणाऱ्या काणी या आदिवासी समाजाने 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीची ओळख संशोधकांना करून दिली. थकवा घालविण्यासाठी काणी लोक तिची फळे खात. तिच्यापासून 'जीवनी' नावाचे औषध तयार झाले. १९९० च्या दशकात दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर औषधनिर्मितीचा परवाना दिला गेला आणि त्यातील निम्मा वाटा काणी समाजाच्या विश्वस्त निधीला देण्याचे ठरले. हा प्रयोग जगभर वाखाणला गेला. पण संरक्षित जंगलातून ही वनस्पती गोळा करण्यास वन विभागाने आक्षेप घेतला आणि कच्च्या मालाचा पुरवठाच अडखळला. एका कायद्याने दिलेला हक्क दुसऱ्या कायद्याखाली अडकावा, हा अनुभव तेव्हाही नवा नव्हता.

परदेशी कंपन्यांनी लाभाचा वाटा द्यावा याविषयी फारसा वाद नव्हता. भारतीय कंपन्यांनीही द्यावा का, यावर मात्र दीर्घकाळ खल झाला. उत्तराखंडच्या जैवविविधता मंडळाने हरिद्वारच्या दिव्य फार्मसीकडे असा वाटा मागितला तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २१ डिसेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी मंडळाच्या बाजूने निकाल दिला. लाभवाटपाच्या दायित्वातून भारतीय कंपन्यांना वगळता येणार नाही, कारण ही संपदा राखणाऱ्या स्थानिक समाजांचा हक्क दोन्ही प्रसंगी सारखाच आहे, असे त्या निकालाचे सार होते.

पुढे कायद्यातच दुरुस्ती झाली. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेली ही दुरुस्ती संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला, लागवडीखालील औषधी वनस्पतींना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपाच्या तरतुदींतून सूट देते. पूर्वी कायदाभंगासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. ती जाऊन तिच्या जागी एक लाख ते ५० लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला असून, उल्लंघन सुरू राहिल्यास त्यात एक कोटी रुपयांपर्यंत वाढ होऊ शकते. संशोधन आणि गुंतवणूक सुलभ व्हावी, औषधी वनस्पतींच्या लागवडीला उत्तेजन मिळून जंगलावरील ताण कमी व्हावा, असा सरकारचा युक्तिवाद आहे. तो निराधार नाही. मात्र आयुर्वेदाच्या ग्रंथांत ज्याचा उल्लेख नाही असे मुळी-पाल्याचे औषध आज फारच थोडे असेल, आणि ग्रंथांतील ज्ञान कोठून आले हे विचारले तर वाट पुन्हा रानाकडेच जाते. 'संहिताबद्ध' या एका शब्दाने लाभवाटपाची व्याप्ती किती आकुंचित झाली, हे येत्या काही वर्षांत न्यायालयांपुढे येणाऱ्या प्रकरणांतून स्पष्ट होईल. जंगलातून उपटलेली मुळी शेतात पिकविलेली म्हणून विकली जात नाही ना, याची शहानिशाही अखेर गावपातळीवरच करावी लागणार आहे.

लाभवाटपाचे नवे दर एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झाले. वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्यांना काहीही द्यावे लागत नाही. पाच ते ५० कोटींच्या उलाढालीसाठी विक्रीमूल्याच्या ०.२ टक्के, ५० ते २५० कोटींसाठी ०.४ टक्के आणि त्याहून अधिक उलाढालीसाठी ०.६ टक्के असा वाटा ठरविण्यात आला. रक्तचंदन, चंदन, अगरू अशा मौल्यवान संपदेसाठी दर पुष्कळच अधिक आहेत.

टक्केवारी नगण्य वाटली तरी गावाच्या दृष्टीने रक्कम लहान असेलच असे नाही. जुलै २०२५ मध्ये प्राधिकरणाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशच्या मंडळांना मिळून एक कोटी ३६ लाख रुपये वितरित केले. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याचे साखरवाडी, पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याचे कुंजीरवाडी आणि उत्तर प्रदेशातील कासगंज परिसर येथील तीन समित्यांसाठी ही रक्कम होती. प्रत्येकीच्या वाट्याला साडेपंचेचाळीस लाख रुपये आले. हा मोबदला कोणत्याही दुर्मीळ वृक्षाचा किंवा औषधी मुळीचा नव्हता. एका कंपनीने येथील माती आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून घेतलेले सूक्ष्मजीव वापरून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड या शर्करावर्गातील पदार्थाची उत्पादने विकसित केली होती. उसाच्या पट्ट्यातील गावाच्या मातीत डोळ्यांना न दिसणारी ही संपदा दडलेली आहे, हे गावाच्या वहीत कोणी लिहिले असण्याचा संभव फार कमी. ही रक्कम जैवविविधतेचे संवर्धन आणि गावाचा विकास यांसाठी खर्च करावयाची आहे.

झाडे लावणे आणि निसर्ग परत आणणे

जैवविविधतेचा ऱ्हास थांबविणे एवढ्यावर आता जगाचे समाधान नाही. माँट्रियल येथे डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कुनमिंग-माँट्रियल आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार, अवनत झालेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रात २०३० पर्यंत परिणामकारक पुनर्स्थापना सुरू झालेली असावी, असे उद्दिष्ट आहे. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथील परिषदेत २३ उद्दिष्टांची सुधारित राष्ट्रीय कृती योजना सादर केली. २०३० पर्यंत दोन कोटी ६० लाख हेक्टर अवनत जमीन पूर्ववत करण्याचा संकल्प देशाने त्याआधी, २०१९ मध्येच केला होता.

भारतात या कामासाठी सर्वांत मोठा निधी उपलब्ध आहे तो २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याखाली. जंगलाची जमीन प्रकल्पासाठी घेणाऱ्याने भरलेला पैसा पर्यायी लागवडीसाठी वापरावा, अशी ही व्यवस्था. अनेक वर्षे साठून राहिलेल्या या निधीतून ऑगस्ट २०१९ मध्ये २७ राज्यांना ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम देण्यात आली. निधीची वाण नाही. उणीव आहे ती कोठे काय परत आणायचे याच्या ज्ञानाची. दोनशे वर्षांच्या मिश्र जंगलाच्या बदल्यात एकाच जातीच्या रोपांची रांग उभी राहिली, तर हिशेबाच्या वहीत हेक्टर जुळतात, परिसंस्था मात्र जुळत नाही. माळरानांवर तर उलटाच अनर्थ ओढवतो. सरकारी दप्तरात 'पडीक' ठरलेल्या गवताळ माळावर झाडे लावली की लांडगा, काळवीट आणि माळढोक यांचे घरच जाते. सोलापूरच्या नान्नज परिसरातील शेतकऱ्याला किंवा मेंढपाळाला हे समजावून सांगावे लागत नाही.

येथे गावाच्या वहीचे प्रयोजन पुन्हा समोर येते. ज्या जागी पूर्वी काय होते हेच लिहिलेले नाही, त्या जागी निसर्ग पूर्ववत करणे म्हणजे नेमके काय करणे? ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, माळावर कोणते गवत होते, तळ्यात कोणता मासा सापडे, ही माहिती वन विभागाच्या कार्य आयोजनेत क्वचितच सापडते. ती वृद्धांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. लागवडीचा आराखडा आखताना लोकजैवविविधता नोंदवही पाहणे अनिवार्य केले, तर वही नीट लिहिण्याचे कारणही गावाला मिळेल. आज या दोन कायद्यांची कार्यालये, दप्तरे आणि अधिकारी वेगवेगळे आहेत आणि बहुतेक जिल्ह्यांत त्यांची गाठही पडत नाही.

वारसा स्थळांची यादी मात्र हळूहळू वाढत आहे. बंगळुरूजवळील नल्लूरच्या चिंचवनापासून २००७ मध्ये तिचा आरंभ झाला. महाराष्ट्रातील गडचिरोलीचे आल्लापल्ली येथील वन आणि सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील दलदलीचे जंगल तीत आहेत. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी आढळलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशाच्या अधिवासालाही हा दर्जा मिळाला आहे. अरिट्टापट्टीचा लिलाव रद्द झाल्यानंतर दोनच महिन्यांनी तमिळनाडूने आपले दुसरे वारसा स्थळ घोषित केले. दिंडिगल जिल्ह्यातील कासमपट्टीची ही देवराई आहे. वीर करुप्पु या ग्रामदेवतेच्या नावाने गावाने ती राखली आहे आणि तिचे क्षेत्र पाच हेक्टरांहूनही थोडे कमी आहे.